वरचं बाजूला सारू नका

मी एक बाटली बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, आणि त्या तोंडाचा एका बाजूने टवका उडालेला. त्यामुळे माझं बोलणं जरा तिरकस वाटलं तर समजून घ्या. टवका उडायच्या आधीही मी काही फार गोड बोलत नव्हते, ती गोष्ट वेगळी.

आधीच एक खुलासा करते. माझ्यातून कुणी पाणी पीत नाही. मी पाणी तपासायची बाटली आहे. तहानलेली माणसं मला बघून हात पुढे करतात, मग माझ्या पोटावरची चिठ्ठी वाचून तो असा मागे घेतात की जणू मीच त्यांना चावणार आहे. पाणी कुठलं, घाण कुणाची, आणि संशय कुणावर! आयुष्यभर हेच बघत आले.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून लालभडक गोळा निघाला, साच्यात पडला, आत हवा फुंकली आणि झाले मी. माझ्या मागच्या रांगेतल्या जॅमच्या बरण्या झाल्या. त्या सुखी आहेत म्हणे. लहान मुलं त्यांच्यात बोटं घालतात, चाटतात. माझ्यात बोट घातलं की प्रयोगशाळेतली ताई किंचाळते. नशीब एकेकाचं.

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत मी खोक्यातून आले. एक लांबट खोली, दगडी ओटा, दोन नळ, एक सतत घरघरणारा फ्रिज. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘येथे खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत’. आत उघडून बघा, माझ्या शेजारी साहेबांचा डबा. ही पाटी साहेबांनीच लावून घेतली होती. माणसांचं लिहिणं आणि वागणं यांची भेट क्वचितच होते, हा धडा मला पहिल्याच आठवड्यात मिळाला.

आता ज्या दोघांच्या पायी माझा जीव मेटाकुटीला आला, त्यांची ओळख करून देते.

एक दादा. गावभर गाडी घेऊन फिरायचं, तलावाचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, हे त्याचं काम. माणूस कमालीचा स्वच्छ. गाडीत बसण्याआधी बूट झटकणार, फडक्याने स्टिअरिंग पुसणार, आणि मग ते फडकंही झटकून त्याची चौकोनी घडी घालणार. मला धरायचा तोही असा की बोटाचा ठसा उठू नये.

दुसरी ताई. दादाची सख्खी धाकटी बहीण. दादाने आणलेलं पाणी तपासायचं काम तिचं. हुशार, झपाट्याची, आणि तोंडाने तिखट. नोकरी तिला आधी लागली आणि दादा नंतर तिथे आला, त्यामुळे घरात तो थोरला आणि ओट्यापाशी ती. हे गणित दोघांनाही कधी नीट जमलं नाही.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. पाण्यातले क्षार, गढूळपणा, असल्या साध्या तपासण्या चालायच्या. एकदा दादाने मला तलावातून भरून आणलं ते वरच्या हिरव्या लगद्यासकट. ताईने पाणी गाळायला घेतलं आणि तिची गाळणी तुंबली. दुसरी लावली, तीही तुंबली. त्यात साहेब दारात उभे. ताईचा पारा चढला.

“दादा, डोळे आहेत की बटणं? वरचं बाजूला सारून भरायला काय होतं रे? एवढीही अक्कल नको?”

सगळे बघत होते. बाटल्या धुणारी बाई, साहेब, फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस. त्या तपासणीसाठी ताईचं म्हणणं बरोबरच होतं, तिला मधलं पाणी हवं होतं. पण बरोबर बोलायचीही एक रीत असते. दादाचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, “बरं, मॅडम.”

झालं! त्या दिवसापासून ती त्याची मॅडम. भावाने बहिणीशी बोलणं सोडलं, बहिणीने भावाशी. आणि काम तर एकमेकांवाचून अडणारं. मग यांनी काय केलं असेल? दोघं माझ्याशी बोलायला लागले.

दादा मला ओट्यावर ठेवायचा आणि माझ्याकडे बघत म्हणायचा, “तलावाचं पाणी आणलंय म्हणावं.” ताई माझं झाकण उघडत म्हणायची, “उशीर का झाला, विचार त्याला.” तो म्हणायचा, “गाडीचं चाक पंक्चर होतं, सांग.” दोघांमध्ये अंतर किती, तर एका ओट्याचं. आणि मध्यस्थ कोण, तर मी, जिला तोंड आहे पण जीभ नाही. मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

असे बरेच दिवस गेले. मग ताई कुठेतरी शिकायला जाऊन आली आणि येताना एका थंड पेटीतून नवी तपासणी घेऊन आली. ती शिकून आलेली गोष्ट तिने साहेबांना समजावली, तेव्हा मी ओट्यावरच होते, म्हणून तुम्हालाही सांगू शकते.

तलावात कधीकधी निळसर हिरवं शेवाळ माजतं. ऊन वाढलं, वारा पडला, शेतातलं खत नि गटाराचं पाणी वाहून आलं की त्याची चंगळ होते. दुधावर साय धरावी तसा पाण्यावर थर धरतो. दिसायला नुसता ओंगळ, पण त्यातल्या काही जातींच्या पोटात विष असतं. मायक्रोसिस्टिन नावाचं. ते थेट यकृतावर जातं. आणि पाणी उकळलं की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांना ताईचं एकच सांगणं होतं. उकळल्याने हे विष जात नाही, उलट शेवाळ फुटून ते पाण्यात मोकळं होतं.

तिची तपासणीही तशी नाठाळच. आधी पाणी गोठवायचं, मग वितळवायचं, पुन्हा गोठवायचं, म्हणजे शेवाळ फुटून पोटातलं बाहेर येतं. मग एका पांढऱ्या प्लेटच्या चिमुकल्या खळग्यांत ते थेंब थेंब घालायचं, त्यावर औषधं घालायची आणि रंगाची वाट बघायची. गंमत अशी की सगळं उलटं. खळगा गडद पिवळा झाला तर पाणी चांगलं. रंग फिका पडला तर विष. आणि रंग चढलाच नाही, तर पळा.

तपकिरी बाटल्या लागतात या कामाला, कारण उजेडाने ते विष विरतं आणि मग सापडत नाही. त्या यायच्या तेव्हा येतील, तोवर मलाच चांदीचा कागद गुंडाळायचं ठरलं. मला सदरा चढला. साहेबांनी दादाला बोलावून सांगितलं, “आजपासून या बाटलीला असा कागद गुंडाळायचा आणि बर्फाच्या पेटीतून आणायची.”

“आणखी काही?” दादाने विचारलं.

“नाही, बाकी नेहमीसारखंच.”

बाकी नेहमीसारखंच! या दोन शब्दांनी जेवढा घोळ घातला तेवढा चार शत्रूंनी मिळून घातला नसता. साहेबांना वाटलं, बारकावे ताई सांगेल. ताईला वाटलं, साहेबांनी सांगितलंच असेल. दादाला वाटलं, काही असतं तर कुणीतरी बोललं असतं. एक साधं वाक्य होतं, तिघांनी मिळून ते बोलायचं राहिलं.

आणि मग सुरू झाला रोजचा तो तमाशा.

तलावाला एका बाजूने दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या शेजारी होडीघर, तिथे एक नावाडी आणि त्याचा भुऱ्या नावाचा कुत्रा. सकाळी पोहणाऱ्या पोरांचा क्लास तिथेच भरतो. त्या पोरांत दादाची मुलगीही. पाण्यातून बाहेरच निघायची नाही, म्हणून सगळे तिला मासोळी म्हणतात. घरात ही एकटीच अशी, जी बापाशीही बोलायची आणि आत्याशीही. तलाव पार करायची मोठी शर्यत जवळ आली होती, तिच्यासाठी ही पोरगी जिवाचं रान करत होती. तिच्यासारखी गावातल्या सगळ्या शाळांमधली पोरं त्या दिवशी पाण्यात उतरणार होती.

त्या वर्षी ऊन जास्त. वारा सगळा हिरवा थर ढकलत आणून नेमका पायऱ्यांशी लावायचा. दादा यायचा, पँटच्या घड्या घालून खालच्या पायरीवर उकिडवा बसायचा. माझा सदरा सारखा करायचा. मी मनात म्हणायचे, घाल, घाल मला त्या हिरव्यात, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

आणि हा बाबा काय करायचा? डावा हात पाण्यावरून हलकेच फिरवायचा. एकदा इकडे, एकदा तिकडे. हिरवं सगळं बाजूला. मध्ये स्वच्छ पाण्याची छान खिडकी झाली की तिच्यात मला बुडवायचा. गुडगुडगुड करत मी भरायचे. मग तो हात झटकायचा, घडीच्या फडक्याला पुसायचा आणि समाधानाने माझं झाकण लावायचा.

अरे देवा! ज्या चोराला धरायला आलास त्यालाच वाकून वाट करून देतोस? ‘दादा, ते वरचंच हवंय रे!’ मी ओरडत होते. पण काचेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं!

ओट्यावर ताई प्लेट बघायची. पिवळे खळगे, रोज पिवळे. ती खिडकीतून लांबवर दिसणाऱ्या हिरव्यागार तलावाकडे बघायची, मग पुन्हा प्लेटकडे. औषधं शिळी झाली असतील म्हणून नवी काढली, पुन्हा तपासलं. पिवळेच. शेवटी वैतागून ती मला म्हणाली, “काय गं, तलाव असा दिसतो आणि तू अशी कशी?”

दारात दादा उभा होता. तिने मान वळवून तेच त्याला विचारलं असतं तर? पण नाही. बाटलीला विचारलं. आणि दादा माझ्याकडे बघून म्हणाला, “जसं आहे तसं आणलंय म्हणावं.” काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिकडे पायऱ्यांवर पाटी लागली, ‘पाणी सुरक्षित आहे’. लोकांना तेवढंच हवं असतं. पाटी वाचली की डोळे मिटले. समोर हिरवा लगदा दिसतोय, नाकाला वास येतोय, तरी एक आजोबा म्हणाले, “शेवाळ अंगाला चांगलं असतं, थंडावा मिळतो.” एक बाई म्हणाल्या, “आम्ही तर उकळूनच घेतो.” ज्याला त्याला स्वतःचं शहाणपण पुरत होतं.

भुऱ्याला मात्र वाचता येत नव्हतं, त्याच्या वतीने नावाड्याने वाचलं. काठी फेकली की पाण्यात झेपावायचं, काठी आणायची आणि मग उन्हात बसून अंग चाटत राहायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. माझ्या सदऱ्याचंही त्याला फार कौतुक. दादा मला पायरीवर ठेवायचा तेव्हा तो चांदीच्या कागदात स्वतःला बघून शेपटी हलवायचा. माझ्याकडे बघून खूश होणारा असा जीव माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

एका सकाळी तो पोहला, अंग चाटलं, आणि उन्हं वर यायच्या आत त्याचे पाय लटपटायला लागले. संध्याकाळपर्यंतही तो टिकला नाही.

नावाडी त्याचा पट्टा हातात घेऊन प्रयोगशाळेत आला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, “ताई, पाटी वाचूनच सोडायचो हो मी त्याला. तुम्ही लिहिलेली पाटी.”

साहेब म्हणाले, “उंदराचं औषध खाल्लं असेल कुठेतरी.” ताईने त्या दिवशीचं पाणी पुन्हा तपासलं. पिवळं. दादा दाराशी उभा राहून आपला डावा तळहात खाजवत राहिला. हो, ते सांगायचं राहिलं. त्याच्या त्या तळहाताची सालं निघत होती. त्याने त्याचा दोष साबणाला दिला होता आणि साबण बदलला होता. फक्त डाव्याच हाताला लागणारा साबण! माझं हसू आणि रडू एकदमच यायचं.

मग मासोळीची पाळी आली. तिच्या मानेवर पुरळ उठलं, पोट दुखायला लागलं, जेवण जाईना. मोठ्यांच्या तोंडाला तर काय, बांधच नाही. बाप म्हणाला, “बाहेरचं खाणं बंद कर.” साहेबांनी सांगितलं, “शर्यतीची धास्ती घेतलीय पोरीने.” क्लासचे सर म्हणाले, “नव्या पोहण्याच्या कपड्यांची ॲलर्जी असेल.” कुत्रा मेला, पोरगी कण्हतेय, पाणी हिरवं झालंय, आणि कारणं चाललीत खाण्याची, धास्तीची आणि कपड्यांची. पाणी सोडून सगळ्यांवर संशय, कारण पाण्याच्या चांगुलपणाचा दाखला माझ्या पोटातून निघत होता. दुसऱ्याच्या चुकीसाठी आपलं नाव खराब होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

शर्यत परवावर आली होती. सकाळी दादा पायऱ्यांवर पोचला तर होडीघराच्या ओसरीवर मासोळी पोट धरून बसलेली, आणि शेजारी ताई. पोरीला सराव करताना उलटी झाली होती. बाप गाडीवर असेल म्हणून नावाड्याने आत्याला फोन केला होता.

आता तरी दोघं बोलतील की नाही? कसलं काय!

“मासोळे, तुझ्या बाबांना सांग, तुला घरी न्यायचंय,” ताई म्हणाली.

“मॅडमना सांग, एवढी बाटली भरतो आणि गाडीतून नेतो.”

पोरीने त्या अवस्थेतही डोळे फिरवले. “तुम्ही दोघं ना...” एवढंच म्हणाली आणि पुन्हा पोट धरलं.

दादा खालच्या पायरीवर उकिडवा बसला. पँटच्या घड्या घातल्या. आणि नेहमीसारखा डावा हात पाण्यावरून फिरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

“दादा!”

मी दचकले, तोही दचकला. किती दिवसांनी ती हाक! ताई पायऱ्या उतरून खाली आली होती.

“काय करतोयस हे?”

“बाटली भरतोय.”

“हाताने काय करतोयस ते विचारतेय मी!”

“वरचं बाजूला सारतोय. आणखी काय?”

“रोज असंच भरतोस?”

“मग? तूच सांगितलंस ना? सगळ्यांसमोर. डोळे आहेत की बटणं म्हणालीस. तू विसरली असशील, मी नाही विसरलो.”

ताई त्याच्या शेजारी पायरीवर बसली. “अरे, ती तपासणी वेगळी होती रे. आता मी हेच शोधतेय. तू बाजूला सारतोस तेच!”

“मग सांगायचं.”

“साहेबांनी नाही सांगितलं?”

“बाकी नेहमीसारखंच, म्हणाले.”

“आणि तुला विचारता येत नव्हतं?”

“कुणाला? मॅडमना?”

  मग दादाने ओला हात फडक्याला पुसला आणि उतरलेल्या आवाजात म्हणाला, “हौद आठवतो का गं, घरामागचा? वर किडे तरंगायचे आणि तू बादली टाकून पळायचीस. मी हाताने सारून द्यायचो, मग तू भरायचीस. तेव्हापासूनची सवय आहे ही. मला कधी वाटलंच नाही की यात काही वाईट असेल.”

ताईने डोळे पुसले ते मनगटाने, कारण हाताला काय लागलंय याचं भान तिला तेवढ्यातही होतं. मग तिने त्याचा डावा हात ओढून तळवा बघितला. निघालेली सालं बघितली. वर ओसरीवर बसलेल्या पोरीची मान बघितली. पलीकडे होडीघराच्या खुंटीला भुऱ्याचा पट्टा लटकत होता.

“दे इकडे,” म्हणत तिने मला हिसकावलं. त्या घाईत माझं तोंड पायरीवर आपटलं. टक्कन आवाज झाला.

“फुटली?” दादा ओरडला.

“टवका उडालाय फक्त. चालेल. हे मोजे घाल हातात आणि भर. तूच भर. सगळ्यात घाण दिसतंय तिथून भर.”

दादाने मोजे घातले. मला पुढे नेलं. आणि त्याला ते जमेना हो! पाण्याला तोंड लागलं की हात मागे. आयुष्यभर स्वच्छ राहिलेल्या माणसाला जाणूनबुजून घाण भरायची म्हणजे काय, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी त्याने डावा हात पाठीमागे घट्ट धरला, डोळे मिटले आणि मला त्या हिरव्या सायीत खुपसलं.

शी! तो बुळबुळीत थर माझ्या गळ्यातून उतरला तेव्हा मला शिसारी आली. पण काय सांगू, समाधानही असं वाटलं की जे करायला जन्माला आले ते एकदाचं केलं.

मासोळीला डॉक्टरांकडे सोडून दोघं एकाच गाडीतून प्रयोगशाळेत आले. ताईने माझ्यातलं पाणी गोठवलं, वितळवलं, पुन्हा गोठवलं. दादा त्या दिवशी दारात थांबला नाही, ओट्याशी येऊन उभा राहिला. प्लेट भरली. औषधं घातली. शेजारचे खळगे, ज्यात साधं चांगलं पाणी होतं, ते हळूहळू पिवळे होत गेले. माझ्या पाण्याचे मात्र कोरे ते कोरेच. ताईने माझं पाणी पातळ केलं, आणखी पातळ केलं, पुन्हा घातलं. तरी रंग चढेना.

साहेब येऊन डोकावले. “अरे वा, अगदी पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय! म्हणजे ओके ना?”

“नाही, साहेब,” दादा म्हणाला. “उलटं असतं ते.”

साहेबांचं एक मात्र कौतुक करायला हवं. कळल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. तलाव बंद केला, पाटी उतरवली, शर्यत थांबवली. मग फोनवर फोन. ज्यांची पोरं वाचली तेच पालक साहेबांना विचारत होते की आता तयारीचं काय, नव्या कपड्यांचं काय, पोरं रडताहेत त्याचं काय. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं!

मासोळीच्या यकृताला सूज होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाण्याबाहेर निघाली, विश्रांती घेतली की भरून येईल. ती बरी झाली, पण सगळा उन्हाळा अंथरुणावर गेला. त्यात शर्यत रद्द. तिने बापाशी अबोला धरला आणि आत्याशीही. “तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर मी आजारी पडले नसते, भुऱ्याही मेला नसता,” हे एवढं बोलून तोंड फिरवलं. बरोबरच होतं पोरीचं. त्या दोघांना आता मात्र एकमेकांशी बोलायला विषय मिळाला, पोरीला कसं बोलतं करायचं हा.

माझ्या टवक्यामुळे झाकण नीट बसेना. झाकण न बसणारी बाटली तपासणीला कुचकामी. मला वाटलं, आता कचऱ्याची पेटी. पण एक दिवस दोघांनी मला उचललं आणि होडीघरात नेलं.

दादाने मला नावाड्यासमोर ठेवलं. मग म्हणाला, “चूक माझी होती. भरताना मी वरचं सारत होतो.”

“आणि मी त्याला सांगितलं नव्हतं,” ताई म्हणाली.

नावाड्याने काही माफ वगैरे केलं नाही. करावं तरी का? खुंटीवरच्या पट्ट्याकडे बघत त्याने फक्त विचारलं, “पुढच्या वेळी मला कसं कळणार? तुमची पाटी लागेपर्यंत थांबू?”

तेव्हा दादाने माझा चांदीचा सदरा उतरवला. कितीतरी दिवसांनी माझ्या काचेला ऊन लागलं. ताईने सांगितलं की रोज सकाळी मला पायऱ्यांशी भरायचं, हातात मोजे घालून, वरचं काही न सारता. मग खिडकीत, न हलवता, न ढवळता ठेवायचं. हिरवं तळाशी बसलं तर ते बहुतेक साधं शेवाळ. वर येऊन गळ्याशी कडं धरलं, तर कुणालाही पाण्यात जाऊ द्यायचं नाही आणि तडक फोन करायचा. नक्की काय ते ती प्लेटमध्ये बघेल, पण थांबवण्यापुरतं एवढं पुरे.

तर सध्या माझा मुक्काम होडीघराच्या खिडकीत आहे. शेजारच्या खुंटीला भुऱ्याचा पट्टा. दादा अजूनही येतो, नव्या तपकिरी बाटल्या घेऊन. खालच्या पायरीवर बसला की त्याचा डावा हात आपोआप पाण्याकडे निघतो. मग तो थांबतो आणि हात खिशात घालतो. आता खरे नमुने जातात, ताईशी त्याची थेट, तोंडावर भांडणं होतात आणि मला मध्ये कुणी घेत नाही. माझी काही तक्रार नाही. नाही म्हणजे, थोडी आहे. पण जाऊ द्या.

तुम्हाला मात्र एक सांगते, आणि हात जोडता येत नाहीत म्हणून नुसतंच सांगते. जे वर आलंय ते बाजूला सारून तळाचं स्वच्छ दाखवायची तुम्हा माणसांना भारी हौस. पाण्यातही आणि घरातही. सारू नका. वर आलंय ते दिसावं म्हणूनच आलेलं असतं.

आज सकाळी मासोळी आली. खांद्यावर टॉवेल, केस बांधलेले. आजारानंतर पहिल्यांदाच. पायऱ्यांवर बाप उभा होता, आत्याही मुद्दाम आली होती. दोघंही म्हणाले, काल पाणी चांगलं होतं, पाटीही लागलीय, उतर. पोरीने दोघांना उत्तर दिलं नाही. पाटीही वाचली नाही. ती सरळ होडीघरात शिरली आणि खिडकीपाशी येऊन माझ्यासमोर वाकली.

माझ्या गळ्याशी हिरवं कडं होतं. बारीकसं, पण होतं.

तिने ते नीट बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल सारखा केला, माझ्या टवक्यावरून अलगद बोट फिरवलं आणि म्हणाली, “बरं झालं सांगितलंस.”

इतकी वर्षं ही माणसं माझ्याशी बोलत आली. माझं ऐकलं ते आज, पहिल्यांदा. पोरगी खिडकीतूनच ओरडली, “बाबा, आत्या, नाही उतरायचं आज!” आणि ते दोघं पाटी काढायला गेले.